ओला दिसणारा, कोरडा होणारा : मॅट लिप ग्लॉसविषयी वाचकांचे प्रश्न

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हवा कोरडी होऊन ओठ उलू लागतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे मॅट लिप ग्लॉसविषयीच होती. म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हा संपूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे.

प्रश्न : चुलत बहिणीच्या हळदीसाठी मी मुद्दाम मॅट लिप ग्लॉस विकत घेतला. बाटलीत तो सायीसारखा मऊ दिसत होता आणि लावतानाही अगदी सहज पसरला. मात्र पाच मिनिटांत ओठ ओढल्यासारखे वाटू लागले, तासाभराने खालच्या ओठाच्या आतल्या कडेला रंगाचे बारीक कण सुटले आणि फोटोंत ओठ भेगाळलेले दिसले. ग्लॉस म्हणजे चकाकणारा आणि मॅट म्हणजे न चकाकणारा, मग एकाच वस्तूला ही दोन्ही नावे कशी? माझी बाटली खराब निघाली, की लावण्यात माझे काही चुकले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली बाटली खराब असण्याची शक्यता कमी आहे. तिच्यावरच्या नावाने आपली दिशाभूल केली, एवढे मात्र खरे. ‘ग्लॉस’ हा शब्द येथे फक्त वस्तूचे रूप सांगतो, म्हणजे ती कांडीच्या स्वरूपात नसून बाटलीत आहे, पातळ आहे आणि झाकणाला जोडलेल्या मऊ टोकाच्या काडीने लावायची आहे. ‘मॅट’ हा शब्द ती लावल्यानंतर कशी दिसेल ते सांगतो. कोटा फरशी पुसली की ओली असेपर्यंत चमकते आणि वाळली की निस्तेज दिसते, कारण पाण्याचा सपाट थर प्रकाश एका दिशेने परत पाठवतो आणि फरशीचा खरखरीत पृष्ठभाग तोच प्रकाश चहूकडे विखुरतो. ओठांवरही असेच घडते. नेहमीच्या ग्लॉसमध्ये घट्ट, चिकट तेले असतात आणि ती न वाळता ओठांवर पाण्यासारखा गुळगुळीत थर धरून राहतात. मॅट प्रकारात तो थर एक तर उडून जातो, किंवा सिलिकासारख्या बारीक भुकटीने मुद्दाम खरखरीत केलेला असतो.

या वाक्यातील ‘एक तर’ आणि ‘किंवा’ यांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे, कारण बाजारात मॅट ग्लॉस म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिल्या प्रकारात आयसोडोडेकेन नावाचा, हवेत चटकन उडून जाणारा द्रव असतो. रंगद्रव्य आणि सिलिकॉनची राळ त्यात मिसळलेली असते. ग्लॉस ओठांवर लावल्यावर तो द्रव काही मिनिटांत उडून जातो आणि मागे रंगाचा पातळ, घट्ट पापुद्रा उरतो. हाच पापुद्रा चहाच्या कपाला लागत नाही, रुमालाला लागत नाही आणि पाण्यानेही जात नाही. मात्र तो वाळताना आक्रसतो, आणि ओठ हसताना जेवढे ताणले जातात तेवढा तो ताणला जात नाही. दुसऱ्या प्रकारात उडून जाणारे द्रव्य कमी असते, आणि सिलिकॉनच्या मऊ लगद्यात भुकटी व रंग कालवलेला असतो. तो शेवटपर्यंत मऊ राहतो, पण कपाला लागतो आणि जेवताना पुसला जातो. आपण पहिला प्रकार घेतला आणि त्याच्याकडून दुसऱ्याची अपेक्षा ठेवली, असे आपल्या वर्णनावरून दिसते.

हे दोन प्रकार बाटली उघडण्याआधीही ओळखता येतात. वेष्टनावर घटकद्रव्यांची यादी असते आणि तिच्यात सर्वांत जास्त प्रमाणात असलेले द्रव्य सर्वांत आधी लिहिलेले असते. आरंभीच आयसोडोडेकेन आणि त्याच्या मागोमाग ट्रायमिथिलसिलॉक्सिसिलिकेट हे लांबलचक नाव दिसले, तर तो ग्लॉस कडक वाळणारा आहे असे समजावे. आरंभी डायमेथिकोन, त्याचे क्रॉसपॉलिमर आणि सिलिका दिसत असेल, तर तो मऊ राहणारा आहे. नावे लक्षात राहत नसतील तर मनगटाच्या आतल्या बाजूला एक रेघ ओढावी, तीन मिनिटे थांबावे आणि वरून टिश्यू पेपर दाबावा. कागदावर डाग उमटला नाही तर पहिला प्रकार, उमटला तर दुसरा.

आता लावण्याविषयी. ओठांच्या लाल भागाची त्वचा चेहऱ्याच्या इतर त्वचेपेक्षा पातळ असते, तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेल सोडणाऱ्या ग्रंथीही जवळजवळ नसतातच. त्यामुळे गालांना जे स्वतःचे तेल मिळते ते ओठांना मिळत नाही, आणि हिवाळ्यात तर निघू पाहणारी सालपटे आधीच तयार असतात. अशा ओठांवर पापुद्रा बसला की प्रत्येक सालपटाची कड उठून दिसते. म्हणून ग्लॉस लावण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पेट्रोलियम जेली किंवा साधा लिप बाम लावून ठेवावा, ओठ मऊ झाले की ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसून सुटी सालपटे काढावीत, आणि उरलेला तेलकटपणा टिपून घ्यावा. हे टिपणे बहुतेक जणी विसरतात. तेलाच्या थरावर पापुद्रा धरतच नाही, तो सरकतो आणि त्याच्या गुठळ्या होतात.

त्यानंतर एकच पातळ हात द्यावा. काडी बाटलीच्या तोंडावर निथळून घ्यावी, खालच्या ओठाच्या मध्यापासून कडेकडे न्यावी आणि आतल्या ओल्या कडेपासून एखादा केस मावेल एवढी जागा सोडावी, कारण ती कड सतत लाळेने ओली असते आणि आपल्याला जे कण सुटलेले दिसले ते तिथलेच होते. ग्लॉस वाळेपर्यंत ओठ किंचित विलग ठेवावेत. लिपस्टिक लावल्यावर ओठांवर ओठ दाबायची आपल्याला सवय असते, पण येथे अर्धवट वाळलेला थर त्या सवयीमुळे शेवयांसारखा वळला जातो. दुसरा हात द्यायचाच असेल तर पहिला किंचित चिकट असतानाच द्यावा. पूर्ण वाळलेल्या थरावर नवा थर दिला की त्यातील द्रव खालचा थर सैल करतो आणि दोन्ही मिळून फुटतात.

हे उत्तर लिहिण्याआधी मी दोन्ही प्रकार दोन वेगवेगळ्या दिवशी स्वतः लावून पाहिले. कडक वाळणारा विटकरी रंगाचा ग्लॉस सकाळी नऊला लावला. साडेनऊच्या चहाला कपाच्या पांढऱ्या कडेवर पुसटशी खूणही उमटली नाही, आणि त्या वेळी मला तो फार आवडला. दुपारी वरणभात, त्यावर तूप आणि लिंबाचे लोणचे असे जेवण झाल्यावर आरशात पाहिले, तर बाहेरची कड जशीच्या तशी होती आणि मध्यभागी ओठांचा मूळ रंग उघडा पडला होता. कडेला गडद चौकट आणि मध्ये फिकट ठिपका, असे ते दृश्य दोन हात दूर बसलेल्या माणसालाही दिसले असते. पाण्याला न जुमानणारा पापुद्रा तुपासमोर मात्र हरतो, हे मला वाचून माहीत होते, पण त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. चार वाजेपर्यंत ओठ इतके ओढले गेले होते की मी नकळत सारखी जीभ फिरवत होते. दुसऱ्या दिवशी मऊ राहणारा ग्लॉस लावला. तो पहिल्याच चहाला कपाला लागला आणि जेवणानंतर जवळजवळ उरला नाही, मात्र ओठ संध्याकाळपर्यंत मऊ होते. दोन तासांच्या हळदीसाठी, जिथे फोटो जेवणाआधी काढायचे आहेत, तिथे मी पहिला प्रकार घेईन. दिवसभराच्या लग्नात, जिथे सकाळी सीमांतपूजन आणि दुपारी पंगत आहे, तिथे दुसरा प्रकार जवळ ठेवून जेवणानंतर पुन्हा लावणे मला अधिक सोयीचे वाटते.

प्रश्न : ताई, मी एकोणीस वर्षांची आहे आणि महाविद्यालयात शिकते. दुकानात सर्वांसाठी ठेवलेल्या बाटलीतून ग्लॉस ओठांवर लावून पाहिला तर चालतो का? हातावर लावून रंगाचा अंदाज येत नाही. (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : ओठांवर मुळीच लावू नकोस, आणि दुकानातल्या ताईंनी आग्रह केला तरी लावू नकोस. त्या बाटलीतली काडी तुझ्याआधी किती जणींच्या ओठांना लागून पुन्हा आत बुडाली आहे, ते कोणालाच सांगता येणार नाही. ओठांच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक, दुखऱ्या पुटकुळ्या आणणारा हर्पिसचा विषाणू जगातल्या पन्नाशीच्या आतील निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात असतो. तो एकदा आला की आयुष्यभर मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि ताप, ऊन किंवा जागरण झाले की पुन्हा वर येतो. कांडीची लिपस्टिक निदान वरून पुसता येते, पण बाटलीतला द्रव पुसता येत नाही.

तुझी अडचण मात्र खरी आहे. मनगटाची त्वचा ओठांच्या रंगाची नसते, म्हणून तिथे दिसलेला रंग घरी गेल्यावर वेगळाच वाटतो. त्याऐवजी बोटाच्या टोकाची, नखामागची गुबगुबीत बाजू वापर. तिचा गुलाबीपणा ओठांच्या बराच जवळ जातो. एकदाच वापरायची काडी माग, तिने बोटावर ठिपका लाव, तो पसरव आणि दुकानाच्या दिव्यांखाली न पाहता दारापाशी येऊन उजेडात पाहा. शिवाय घाईने निर्णय घेऊ नकोस, कारण यातले बरेच रंग वाळल्यावर एक छटा गडद होतात. पाच मिनिटांनंतर दिसेल तोच तुझा रंग.

प्रश्न : आमच्या घरी जैन धर्माचे आचरण काटेकोरपणे होते. लाल रंगाच्या ग्लॉसमध्ये किड्यांपासून काढलेला रंग असतो, असे ऐकले आहे. हे खरे आहे का, आणि ते ओळखावे कसे? शिवाय शिशाविषयीही भीती वाटते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, पण सर्वच लाल रंगांना लागू नाही. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल नावाच्या किड्यांना वाळवून कार्माइन हा किरमिजी रंग काढतात, आणि त्याचे उत्पादन प्रामुख्याने पेरू या देशात होते. यादीत तो ‘कार्माइन’ या नावाने किंवा ‘सीआय ७५४७०’ या क्रमांकाने लिहिलेला असतो. तो क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावा, म्हणजे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर विसंबावे लागणार नाही. विटकरी, मातकट आणि तपकिरी छटा बहुधा लोहाच्या ऑक्साइडपासून येतात. त्यांचे क्रमांक ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ असे असतात आणि ती खनिजे आहेत. आपल्या दृष्टीने आणखी दोन घटक पाहायला हवेत. एक मधमाश्यांचे मेण आणि दुसरे लॅनोलिन, जे मेंढीच्या लोकरीतून काढतात. कडक वाळणाऱ्या ग्लॉसला मेणाची फारशी गरज नसते, त्यामुळे तिथे ते पुष्कळदा नसते, पण यादी वाचल्याशिवाय तसे गृहीत धरू नये. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहावा, आणि तो असला तरी यादी वाचावीच, असे मी सांगेन. आपल्याकडच्या पारंपरिक अळत्याचा रंगही मुळात लाखेच्या किड्यांपासूनच मिळत असे, त्यामुळे जुने किंवा नैसर्गिक म्हणजे आपोआप अहिंसक, असा अर्थ काढता येत नाही.

शिसे कोणी मुद्दाम घालत नाही. खनिज रंगद्रव्यांबरोबर ते अत्यल्प प्रमाणात येते. भारतात सौंदर्यप्रसाधनांत वापरायच्या रंगांसाठी शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत २० भाग अशी ठरवलेली आहे आणि आर्सेनिकची २ भाग. या मर्यादा पाळणाऱ्या उत्पादकाला वेष्टनावर आपले नाव, पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख छापावी लागते. बाहेरून आलेल्या मालावर आयातीचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. यात्रेत किंवा पदपथावर प्रसिद्ध नावाची हुबेहूब बाटली चौथाई किमतीत मिळते, तिच्यावर यातले काहीच नसते किंवा अक्षरे फिसकटलेली असतात. ओठांवर लावलेले थोडेफार पोटात जातेच, म्हणून या एका बाबतीत मी काटकसर करू नका असे आग्रहाने सांगते.

प्रश्न : माझे वय अठ्ठावन्न आहे. मुलाच्या लग्नासाठी होणाऱ्या सुनेने हौसेने फिकट गुलाबी मॅट ग्लॉस आणून दिला. माझा रंग सावळा आहे, ओठ कडेला काळसर आहेत आणि ओठांवर उभ्या रेषाही आल्या आहेत. लावल्यावर ओठांना राख फासल्यासारखे दिसले. तिचे मन मोडायचे नाही, पण माझ्या वयाला हे शोभते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वयाचा येथे काहीही संबंध नाही, आणि आपण लग्नात ओठ रंगवावेत असेच मला मनापासून वाटते. अडचण त्या विशिष्ट छटेची आहे. फिकट छटांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे द्रव्य भरपूर असते. ग्लॉस चकाकणारा असेल तर ते झाकले जाते, पण मॅटमध्ये चकाकी नसल्याने पांढुरकेपणा थेट दिसतो, आणि सावळ्या रंगावर तो राखेसारखा वाटतो. आपल्या वर्णाला विटकरी, डाळिंबी, करवंदी किंवा पिकलेल्या जांभळासारख्या छटा खुलतील. ओठांच्या कडेचा काळसरपणाही त्या छटांत सहज मिसळून जाईल. रेषांसाठी मऊ राहणारा प्रकारच घ्यावा, कारण कडक वाळणारा पापुद्रा प्रत्येक उभ्या रेषेत बसतो आणि ती अधिक ठळक करतो.

सुनेने दिलेली बाटली बाजूला ठेवायची गरज नाही. ओठांच्या रंगापेक्षा किंचित गडद तपकिरी पेन्सिलीने आधी संपूर्ण ओठ भरून घ्यावेत, आणि त्यावर तो गुलाबी ग्लॉस बोटाने फक्त खालच्या ओठाच्या मध्यावर टेकवावा. राखाडीपणा जाऊन गुलाबी झाक तेवढी उरेल. लग्नाच्या दिवशी प्रथमच करून न पाहता आठ दिवस आधी एकदा तिलाच शेजारी बसवून करून पाहा. ओठांचा काळसरपणा जर अलीकडेच वाढला असेल, किंवा तिथे एखादा ठिपका वेगळा दिसत असेल, तर तो रंगाखाली झाकण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.

प्रश्न : मुरुमांसाठी डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या आहेत. मॅट ग्लॉस लावल्यावर ओठांच्या कडेला खाज येते आणि लाल पट्टा उठतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : या गोळ्या घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ कोरडे पडतात, तेव्हा उपचार चालू असेपर्यंत वाळणारा ग्लॉस पूर्ण बंद ठेवावा आणि पेट्रोलियम जेली दिवसातून अनेकदा लावावी. खाज आणि लाल पट्टा यांचे कारण मात्र कोरडेपणाखेरीज ॲलर्जीही असू शकते. सुगंधी द्रव्ये, लॅनोलिन आणि क्वचित एरंडेल तेलही काहींना बाधते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना बाटली नेऊन दाखवावी. ओठ बरे झाल्यावर नवा ग्लॉस घेतलात, तर तो कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर सात दिवस रोज दोनदा लावून पाहावा, आणि तिथे काही उठले नाही तरच ओठांवर न्यावा.

प्रश्न : रात्री हा ग्लॉस निघता निघत नाही. साबणाने चोळून ओठ सोलवटले. शिवाय गेल्या वर्षीची बाटली घट्ट झाली आहे, तिच्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकले तर चालेल का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : खोबरेल तेल बाटलीत टाकू नका, ओठांवर लावा. हा पापुद्रा पाण्याला आणि साबणाला दाद देत नाही, पण तेलात सैल होतो. थंडीत तेल गोठलेले असेल तर बोटावर घेऊन तळहातात विरघळू द्यावे, ओठांवर जाडसर लावावे आणि अर्धा मिनिट हात न लावता थांबावे. मग ओल्या कापसाने कडेकडून मध्याकडे एकदाच पुसावे. काही उरले तर पुन्हा तेल लावावे, पण जोर लावू नये. ओठ आधीच सोलवटले असल्याने आठवडाभर तरी कोणताही रंग न लावणे बरे.

बाटली घट्ट झाली याचा अर्थ तिच्यातला उडून जाणारा द्रव झाकणावाटे निघून गेला आहे. तेलाने ती पातळ दिसेल, पण ग्लॉस वाळणार नाही, ओठांवर धरणार नाही आणि रंगाच्या गुठळ्या पडतील. शिवाय वर्षभर ओठांना लागलेली काडी त्यात बुडाली आहे. वेष्टनावर उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात ‘६ एम’ किंवा ‘१२ एम’ असे लिहिलेले असते. बाटली उघडल्यापासून तेवढे महिनेच ती वापरायची असते. ही बाटली टाकून द्यावी. नव्या बाटलीवर उघडल्याचा महिना पेनाने लिहून ठेवावा आणि प्रत्येक वेळी काडी तोंडाशी पुसून झाकण घट्ट फिरवावे.